ओटीतली बी

मंदाकिनी परबच्या बोटांना ठसे नव्हते. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नसे, बँकेतलं तर मुळीच नाही. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," असं ते गोड आवाजात सांगे. मंदाकिनी पुन्हा अंगठा लावी आणि मागची रांग उसासे टाकी. पुढे चेहरा बघून ओळख पटवणारी यंत्रं आली आणि कातळखोलातल्या काजू फोडणाऱ्या सगळ्या बायकांची त्या कटकटीतून सुटका झाली. बोटं मात्र तीच राहिली. काळी, टणक, नखांपाशी चिरलेली.

काजूची बी दिसायला गरीब, पण तिच्या टरफलाच्या दोन थरांमध्ये बारीक खण असतात आणि त्यांत तेल भरलेलं असतं. ते कातडीला लागलं की उततं. आधी चुरचुर, मग फोड, मग कातडीच सुटून येते. काजू बिब्याच्या कुळातला, तेव्हा हा गुण घराण्यातूनच आलेला. आतला गर कुणी खाऊ नये म्हणून झाडाने ही तजवीज करून ठेवली आणि माणसाने त्यावर तोड म्हणून बायका बसवल्या. हाताला राख लावायची, खोबरेल लावायचं आणि बिया फोडायच्या. मंदाकिनीने उभं आयुष्य हेच केलं. शेवटी शेवटी तिच्या बोटांना काही कळेनासंच झालं. चुलीवरचं भांडं ती नुसत्या हाताने उतरवायची.

"माका सांडशी कित्याक होयी?" असं म्हणून ती हसायची.

रेवतीला, तिच्या थोरल्या मुलीला, त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. लहानपणी आई वेणी घालायची तेव्हा तिचे केस त्या बोटांच्या चिरांमध्ये अडकायचे. ओढ बसली की रेवती रडायची आणि आई हात मागे घ्यायची. ते हात मागे घेणं रेवतीच्या मनात घर करून राहिलं. ती वनस्पतिशास्त्र शिकली, जनुकांच्या संशोधन केंद्रात लागली आणि हट्टाने काजूच धरून बसली.

टरफलातलं तेल झाड एका ठरावीक विकराच्या मदतीने बनवतं. विकर म्हणजे पेशीतला कारागीर समजा. हा कारागीर कसा घडवायचा याची कृती झाडाच्या जनुकात असते आणि प्रत्येक झाडाजवळ तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक परागाबरोबर बापाकडून आलेली. रेवतीने दोन्ही प्रती खोडल्या. कारागीर घडेना, तेल बनेना. झाड वाढलं, मोहरलं, बोंडू लागले, आणि त्यांच्या बुडाशी लटकलेल्या बिया शेंगांसारख्या दातांनी फोडून खाता येऊ लागल्या.

लोकांनी त्या काजूला नाव दिलं सोज्वळ.

पहिलं कलम रेवतीने आईच्या परसात लावलं. चारी बाजूंनी डोंगरउतारावर जुने काजू आणि मधोमध हे एक शहाणं झाड. त्याला फळं धरली त्या दिवशी मंदाकिनीने बी हातात घेतली, दाताने फोडली, गर काढून रेवतीच्या तोंडात घातला आणि पदराने डोळे पुसले. "माजा काय, माजे हात गेले. आता दुसऱ्या कोणाचे जावचे नाय," ती म्हणाली. त्या क्षणी रेवतीला आपल्या शिक्षणाचं सार्थक झालं असं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

मग सोज्वळची कलमं जिल्हाभर गेली. कारखान्यांतली राखेची घमेली परसात फेकली गेली. माकडांनाही बातमी लागली आणि ती बागांमध्ये पंगतीला बसू लागली, पण तो वैताग लोकांनी सोसला. पूर्वी काजूच्या कच्च्या बीला दात लावला असता तर आईने पाठ सोलून काढली असती. आता शाळेतून येणारी पोरं खिशातल्या बिया कटाकट फोडीत येत. चार-पाच वर्षांत एक अख्खी पिढी अशी तयार झाली जिला काजू उततो हे ऐकूनही माहीत नव्हतं.

कातळखोलाची एक रीत होती. सासरी निघालेल्या मुलीच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर काजूच्या पाच बिया घालायच्या. मुलीने त्या सासरच्या मागीलदारी रुजवायच्या. जे झाड होईल ते तिचं. घर नवऱ्याचं, जमीन सासऱ्याची, पण त्या झाडाच्या उत्पन्नाबद्दल कुणी तिला विचारायचं नाही. झाडाला पहिल्यांदा फळ धरलं की मुलीच्या आईला बोलावणं जाई. पहिली बी तिने खायची, पूर्वी भाजून, आता तशीच. तोवर घरातलं कुणीही झाडाला हात लावत नसे.

धाकटी केतकी लग्नाला उभी राहिली तेव्हा मंदाकिनीने परसातल्या सोज्वळ झाडाच्या निवडक बिया ओटीच्या ताटात ठेवल्या. रेवतीने त्या पाहिल्या आणि आईला स्वयंपाकघरात ओढलं.

"आये, ह्यो बियो ओटीत घालू नको."

"कित्याक? तुजोच काजू तो."

"खावक दे, रुजवूक नको. रुजवूचाच आसात तर कलम दे. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, ता बदलाचा नाय. बी म्हणजे पोर. पोरान बापाचा काय उचलला ता कोण सांगतला?"

"ओटीत कलम घालू? मातयेची पिशी पदरात बांधून पाठवू चेडवाक?"

बाहेरून मुहूर्ताची घाई चालली होती. मंदाकिनी लेकीकडे जरा वेगळ्या नजरेने बघत म्हणाली, "कलमाच्या पिशयेर पण ह्याच छापतत. बी रुजवू नये. सगळो गाव सांगता, कलमा खपूची म्हणान छापतत. तू पण आता ऑफिसाचाच बोलूक लागलंस गे?"

रेवतीला राग आला. बहिणीच्या लग्नात भांडण नको म्हणून ती गप्प बसली आणि केतकीने पदर पसरून ओटी घेतली. मंदाकिनीचं झाड पहिलं, म्हणून शुभ. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात ओटीची बी तिच्याच परसातून जाऊ लागली, आणि ओटी भरायला मंदावहिनीच हवी असा आग्रहही होऊ लागला. तिला ते आवडत होतं. ज्या हातांना आजवर सगळी यंत्रं नाकारत आली, त्याच हातांना आता मान मिळत होता.

केतकीच्या लग्नानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात एका दुपारी रेवती न कळवता आली. गाडी अंगणात तशीच उभी करून, चपला न काढता पडवीत चढली.

"पूजाच्या झिलाक आयसीयूत ठेवलो हा."

पूजा म्हणजे खालच्या वाडीतली मुलगी, केतकीच्या मागोमाग लग्न झालेली. तिच्या तीन वर्षांच्या मुलाने मागीलदारच्या झाडाची बी दाताने फोडली होती. ओठ फाटले, जीभ सुजली, घसा बंद झाला. नळी घालून श्वास चालू होता. जगेल, असं डॉक्टर म्हणत होते, पण गिळायला कधी लागेल ते सांगत नव्हते. सासरची माणसं पूजाला म्हणत होती, माहेराहून विष आणलंस.

मंदाकिनीला कळेना. "पण ती तर आपल्या झाडाची बी! आमी रोज खातंव."

"तुज्या झाडाची बी कधीच उतूची नाय आये. ऐकून घे."

आणि चार वर्षांपूर्वी जे घाईत सांगून झालं होतं ते रेवतीने आता सावकाश सांगितलं. टरफल हे आईझाडाचंच अंग असतं. आईकडे तेलाची कृती नाही, म्हणून परसातल्या कलमाची प्रत्येक बी निर्धोक. पण बीच्या पोटात जो कोंभ असतो त्याला बापही असतो. माशा आणि मुंग्या जुन्या काजूच्या मोहरावरून या मोहरावर येतात, त्यांच्या अंगाला पराग चिकटलेला असतो, आणि त्या परागातून तेलाची शाबूत कृती कोंभात शिरते. एक शाबूत प्रत पुरते. बी रुजते, झाड वाढतं, दिसायला थेट सोज्वळ. तीन-चार वर्षांनी त्याला फळ धरतं तेव्हा टरफल त्याचं स्वतःचं असतं, आणि त्यात तेल भरलेलं असतं.

मंदाकिनीने परसाकडे बघितलं. तिचं कलम मधोमध उभं होतं आणि चारी बाजूंनी डोंगर जुन्या काजूने भरलेला होता.

"किती जणींका दिलंस?" रेवतीने विचारलं.

"ओटी काय मोजून भरतत?" ती पुटपुटली. "केतकीक पण."

केतकीच्या शाल्मलीला, आपल्या एकुलत्या एक नातीला, बी कुठे धरायची आणि कडेच्या दाताने कशी फोडायची हे मंदाकिनीने मांडीवर बसवून शिकवलं होतं.

फोन लागला. पलीकडे केतकी आनंदात होती. "आये, मी तुकाच करणार होतंय. झाड लागला गे! उद्या बायकांका हळदी-कुंकवाक बोलावलंय. पहिली बी तुजी. शाल्मली सकाळधरना झाडाखाली बसान आसा, कशीबशी अडवन ठेवलंय."

"अडव तेका. हात लावूक देव नको. ती बी उतणारी आसा."

"कोण सांगता? ताई थय आसा काय?" केतकीचा आवाज एकदम कोरडा झाला. "माज्या लग्नात पण तिका ह्याच सुचला होता. तू ये. मगे बोलूया."

दोघी त्याच पावली निघाल्या. वाटेत रेवती बोलत होती, चाचणीचं, केंद्राला कळवल्याचं. मंदाकिनीच्या कानांवरून ते सगळं नुसतं वाहून जात होतं. ज्या पोरीला आपण खायला शिकवलं तिच्यासाठीच आपण हे पेरून ठेवलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

देवगडच्या बाजूला केतकीच्या सासरी त्या पोहोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई येणार कळल्यावर केतकीने उद्याचं हळदी-कुंकू आजच ठेवलं होतं. मागीलदारी बायका जमल्या होत्या, झाडाभोवती रांगोळी काढली होती. झाड खरंच देखणं वाढलं होतं. लालभडक बोंडू आणि त्यांच्याखाली पोपटी-करड्या बिया.

"येवा विहीणबाई," केतकीच्या सासूने पुढे होऊन हात धरला. "तुमच्यासाठी सगळी थांबली हत."

रेवतीने विचारलं-सवरलं नाही, हा तिचा स्वभावच. तिने एक बी तोडली, सुरीने टरफल खरवडून पांढऱ्या रुमालावर दाबली. बघता बघता तपकिरी डाग उमटला.

"बघा. ह्या तेल आसा. बी उतणारी आसा, पोरांका लांब करा."

शेजारीण हसली. "बोंडवाचो रस पडलो तरी असोच डाग पडता गे बाये. माजी सगळी लुगडी बघ."

"माज्या हातार लावतंय. सांजेक फोड येतलो तो बघा."

"तुजा आंग ऑफिसातला. तुका खाजकुयली बघून पण फोड येतलो."

बायका हसल्या. केतकी मात्र हसली नाही. बहिणीपुढे उभी राहून ती म्हणाली, "घर तेंचा, जमीन तेंची. ह्या एक झाड माजा, ताई. तुजा नाव पेपरात येता, तुज्याकडे लई काय काय आसा. ह्या पण तोडूक इलंस?"

"केतकी, पूजाचो झील..."

"पूजाचा झाड पूजाचा. माका आयेन दिलेली बी ही." आणि तिने ताट उचललं, रुमालावरची बी त्यात झटकली आणि ते आईसमोर धरलं. ताटात हळद-कुंकू आणि झाडाची पहिली बी.

शाल्मली आजीच्या कमरेला बिलगली होती. "आजी, तू खाल्लंस काय मगे माका."

मंदाकिनीने बी उचलली. बोटांना काहीच कळलं नाही. गार आहे की ऊन, कोरडी आहे की चिकट, काही नाही. पण रेवतीने जिथे सुरी लावली होती तिथून वास येत होता, आणि तो वास नाकाशी आला तशी तिची खात्री पटली. याच वासात तिची सगळी उमर गेली होती.

बी खाली टाकून ती सांगू शकली असती, ही उतणारी आहे. तिने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. काय होईल ते तिला दिसत होतं. थोरलीने शिकवून आणलं असं म्हणतील. केतकी झाड तोडणार नाही, रागाने आणखी जपेल. उद्या-परवा कुणाचं लक्ष नसताना ही पोर झाडाखाली जाईल. पिशवीवरच्या छापील अक्षरांवर तिने स्वतः तरी कुठे विश्वास ठेवला होता? पोटच्या मुलीवर तरी कुठे ठेवला होता?

"आये, नको!" रेवती ओरडली.

मंदाकिनीने बी कडेच्या दातांत धरली आणि फोडली.

आधी काहीच झालं नाही. ती शांतपणे चावत राहिली. "बघलास?" शेजारीण म्हणाली. "काय झाला?" केतकीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि शाल्मलीने टाच उंचावून फांदीला लटकलेल्या बीकडे हात नेला.

मग जीभ पेटली. मंदाकिनीने थुंकायच्या आधी नातीचा हात फांदीवरून खस्सकन ओढला. तो इतक्या जोरात की पोर भेदरून रडायला लागली. तिला बोलायचं होतं, पण तोंडातून नुसता घुसमटलेला आवाज आला. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या. कुणी खोबरेल आणलं, कुणी दूध. रेवती आईचं तोंड पुसत होती, पुसता पुसता हुंदके देत होती. "तुजे हात वाचवूक केलंय मी ह्या सगळा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हात वाचवूक केलंय गे आये." बायकांनी आपापली पोरं झाडापासून मागे ओढली.

केतकी शाल्मलीचे हात धूत बसली होती. त्या हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी ती धूतच होती. मग ती उठली, वळचणीचा कोयता काढला. नवरा पुढे झाला तर त्याला तिने बाजूला सारलं. झाड तिचं होतं. बुंधा तिच्या दंडाएवढा जाड झाला होता, तो तोडायला तिला बराच वेळ लागला, आणि सगळा वेळ ती मोठमोठ्याने रडत होती.

दवाखान्यात मंदाकिनीने खुणेनेच रेवतीला फोनवर आपल्या तोंडाचा फोटो काढायला लावला. सुजून काळी पडलेली ती मुद्रा ओटी नेलेल्या प्रत्येक मुलीकडे गेली. केंद्राचं निवेदन कुणी वाचलं नसतं, हे सगळ्यांनी बघितलं. पुष्कळ झाडं पडली. काही जणींनी झाड ठेवलं आणि बिया वेचून जाळल्या. काहींनी उत्तरच दिलं नाही, आणि त्यांच्या गावांची नावं आठवून मंदाकिनी दचकून उठत असे. पूजाचा मुलगा घरी आला. त्याला अजून पेज सोडून काही गिळता येत नाही. पूजा माहेरीच आहे.

मंदाकिनीची जीभ बरी झाली, चव मात्र आली नाही. मीठ आहे की नाही ते आता शेजारच्या सुनेला विचारावं लागतं.

पावसाळ्याआधी केंद्राची माणसं गावात आली. सोज्वळ सोज्वळच राहायचा तर दोनच मार्ग आहेत, असं त्यांनी सभेत सांगितलं. डोंगरावरचे जुने काजू मुळासकट काढायचे, म्हणजे तो परागच उरणार नाही. नाहीतर यापुढे गावात काजूची एकही बी रुजू द्यायची नाही. झाड हवं त्याने कलम विकत घ्यावं. जुने काजू काढायचे म्हणताच म्हातारी माणसं उठून उभी राहिली. गोंगाटात सभा मोडली.

रेवती आईजवळ येऊन बसली. "तू सांग, आये. ह्या खेपेक मी काय सांगूचंय नाय."

मंदाकिनीने डोंगराकडे बघितलं. "डोंगर रवांदे. बी रुजवूक नको," ती जड जिभेने म्हणाली.

त्यानंतर गावात पहिलं लग्न लागलं ते वरच्या वाडीतल्या सुगंधाचं. ओटी मंदावहिनीनेच भरायची, हे काही कुणी बदललं नाही. ओटी भरायला निघायच्या वेळी मंदाकिनीने परसातल्या पाच बिया घेतल्या, चुलीवर कढई ठेवली आणि त्या भाजायला घातल्या. रेवती दारात उभी राहून बघत होती. भाजलेली बी कधी रुजत नाही. नव्या नवरीच्या ओटीत ती घालणं म्हणजे केवढा अपशकुन, हे कातळखोलातल्या लहान पोरीलाही कळतं.

"बायका काय म्हणतली आये?"

"म्हणांदेत."

मांडवात तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि कढईतल्या काळसर बिया पुढे केल्या. सुगंधाच्या आईने त्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं. मागे कुजबुज उठली. सुगंधाने मात्र पदर पसरला, आणि बिया पडताच दचकून तो जरा खाली सोडला.

"काकी, ह्यो बियो भारी गरम आसत गे."

मंदाकिनीने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या गरम आहेत हे तिला कळलंच नव्हतं.

"थंड होतली," ती म्हणाली.

"रुजवू मा मागीलदारी?"

"नाय गे बाये. खा."

सुगंधाने पदराची गाठ मारली आणि आईच्या पाया पडायला ती वळली.